दादांची अर्धी भाकरी

६ फेब्रुवारी १९७२, रविवार

आजही अर्धीच भाकरी. तीही मोडून, चघळून, पाण्याच्या घोटाबरोबर ढकललेली. मग "झालं माझं" म्हणून दादा उठले आणि मी उरलेली अर्धी गाईला घालायला बाजूला ठेवली. मंगळवार पेठेतल्या गाई माझ्या कृपेनं बाळसं धरणार आहेत.

दादा म्हणजे माझे सासरे. निवृत्त मास्तर. गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही नैरोबीत होतो. हे तिथल्या शाळेत शिकवायचे आणि मी तर तिथलीच, रेल्वेतल्या मराठी कारकुनाची मुलगी. कोल्हापूर जन्मात पाहिलेलं नव्हतं. दादा एकटे पडले म्हणून नोव्हेंबरात बोटीनं आलो, ते कायमचे. लोक परदेशातून घरी येतात, मी घरातून परदेशी आले. हे मी इथे कुणाला म्हणत नाही, वहीतच लिहिते.

काल डॉक्टर येऊन गेले. पोट दाबलं, जीभ बघितली. म्हणाले, "रोग काही नाही. अन्न जात नाही, एवढंच. पण या वयात वजन असं उतरत राहिलं तर पावसाळा काढणं कठीण आहे. काहीही करा, पण खायला घाला." काहीही करा! जसं मी त्यांना उपाशी ठेवलंय.

माझ्या हाताला चव नाही हे मला मान्य आहे. ज्वारीची भाकरी मी इथे येऊन शिकले. पहिला महिनाभर भाकरीचे नकाशे व्हायचे, तेही मधोमध फाटलेले. पण आता गोल होते. फुगतेसुद्धा.


८ फेब्रुवारी

झुणका केला. दोन घास. वांग्याचं भरीत केलं. एक घास. यांना विचारलं, तर म्हणाले, "आईच्या हातचं लागतं गं त्यांना." आता आईंचा हात मी कुठून आणू? मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

फडताळात एक छोटी बरणी आहे. आईंनी गेल्या उन्हाळ्यात केलेली कांदा-लसूण चटणी. तळाला दोन बोटं उरलीय. जेवायला बसताना दादा ती स्वतः काढतात, चमच्याच्या टोकानं नखाएवढी घेतात, फडकं बांधतात आणि स्वतःच जागेवर ठेवतात. मला हात लावू देत नाहीत. आफ्रिकेतून आलेल्या सुनेचे हात बाटलेले वाटतात की काय, कोण जाणे. शेजारच्या शालूबाईंना सांगितलं तर त्या गालाला हात लावून म्हणाल्या, "मास्तरांची अजून हाय? आमची तर दिवाळीलाच संपली."

माझ्या लक्षात आलं ते असं, की चटणी शिळी झालीय. वास उडाला असणार, म्हणून नखाएवढ्याच्या वर जात नाही. तीच ताजी केली तर?


१३ फेब्रुवारी, रविवार

शालूबाई सकाळी दारात उभ्या. "चला की माझ्यासंगं लक्ष्मीपुरीला, आज बाजार हाय. घरात बसून भिंतीसंगं किती बोलणार?" म्हटलं, चला. गेले आणि तीन तास परत आले नाही.

बाई गं, काय तो बाजार! उघड्यावर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोती पसरलेली. हरभऱ्याचे डहाळे, पोकळा, चुका, कोवळी वांगी, गुळाच्या ढेपा, शाहूवाडीकडचा तांदूळ. आणि भाजीचे वाटे! जमिनीवर छोटे छोटे ढीग, एकेका ढिगाची एकच किंमत. नैरोबीच्या बाजारात यालाच फुंगू म्हणतात. तिथे मी आईचं बोट धरून फुंगू निवडायचे, मोठा कुठला ते डोळ्यांनी जोखायचे. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी येतंय असं वाटलं. एका बाईपुढे उकिडवी बसून टोमॅटोचे वाटे जोखायला लागले, तर ती म्हणाली, "पावणं, सोनं हाय व्हय त्ये? उचला की." मी इतकी हसले की शालूबाई घाबरल्या.

मिरच्यांची ओळ शेवटाला. तिथे शिरलं की बोलायच्या आधी शिंकायचं. धोंडुबाई म्हणून एक आहे, गडहिंग्लजकडून पहाटेच्या एस.टी.नं येते. तिला म्हटलं, वर्षाच्या चटणीची मिरची द्या. तिनं मला खालून वर बघितलं.

"आत्ता? फेब्रुवारीत? पोरी, मिरची अजून वली हाय. आत्ता घेशील तर पाण्याचं वजन घेशील आनि आखाडात बुरशी खाशील. म्हैनाभर थांब. मी सांगतो तवा घे."

इथल्या बायका "मी सांगतो, मी जातो" म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं होतं, माझी चेष्टा चाललीय.

विकायला बसलेली बाई "घेऊ नको" म्हणते, हे मी नैरोबीतही पाहिलं नव्हतं. कुठली चटणी करायचीय ते सांगायला लागले तर म्हणाली, "तोंडानं सांगून चटणी कळती व्हय? चव आन."


२० फेब्रुवारी, रविवार

दादा आंघोळीला गेले तेवढ्यात बरणी उघडली, चमचाभर चटणी डबीत घेतली आणि गाठ त्यांच्यासारखीच मारली. चोरी कसली त्यात, नाहीतरी शिळी आहे.

धोंडुबाईनं बोटावर घेऊन चाटली. "मिरची माझी हाय," म्हणाली, लगेच. मी म्हटलं, कशावरून? "माझं पोर मला वळखायला यायचं न्हाय व्हय?" मसाल्याचं मात्र तिला सांगता येईना. मग शेजारच्या इमामबीकडे घेऊन गेली. इमामबी खडा मसाला विकते, धने, खोबरं, दगडफूल. तिचा नवरा शमशुद्दीन पलीकडच्या गल्लीत डंक चालवतो, तिथे लोकांची चटणी कुटून मिळते.

इमामबीनं चाटली. पुन्हा चाटली. मी वही काढून बसले होते, म्हटलं सांगा, काय काय आहे? ती म्हणाली, "म्होरल्या रविवारी परत आन. जरा जास्त आन." बस्स. जवळजवळ हाकललंच मला. चटणी आवडली असेल, फुकट खायला कुणाला आवडत नाही! तरी मला तिचा राग आला नाही. परतताना हरभऱ्याचा डहाळा सोलत, रस्त्यात टरफलं टाकत आले. लग्न झालेल्या बाईनं असं करू नये, असं शालूबाई म्हणतात.

दादा : पाव भाकरी आणि ताक.


२७ फेब्रुवारी, रविवार

आजचं कसं लिहू कळत नाही.

तीन-चार चमचे चटणी नेली. बरणीत आता खरवडच राहिलीय. इमामबीनं डबी घेतली, वास घेतला, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "ही माझ्या हातची हाय. मसाला माझा, मिरची धोंडीची, कुटली आमच्या डंकावर. मास्तरीणबाईंची चटणी. तू कोन त्यांची?"

म्हटलं, सून.

"आफ्रिकेची? अगं मग बोलायचं न्हाईस व्हय!" दोघी एकदम गलका करायला लागल्या. "कुटं हायत त्या? श्रावणापास्नं बाजाराला न्हाईत. आमी म्हटलं लेकाकडं आफ्रिकेला गेल्या असतील. बऱ्या हायत न्हवं?"

त्यांना माहीतच नव्हतं. सहा महिने कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? दादांनी या बायका कधी पाहिलेल्या नाहीत, शालूबाई त्यांच्या ओळखीच्या नाहीत. मी, ज्या बाईला मी कधी भेटले नाही, तिच्या मरणाची बातमी तिच्या मैत्रिणींना भर बाजारात, गिऱ्हाइकं उभी असताना दिली.

इमामबीनं पोत्यांची तोंडं बांधली. सकाळचे अकरा वाजले होते, भर धंद्याची वेळ. "या अल्ला," एवढंच म्हणाली. धोंडुबाई मोठ्यानं रडायला लागली, नाव घेऊन, "कालिंदीबाई गं" करून. शमशुद्दीनला बोलावणं गेलं, तो आला आणि मान खाली घालून उभा राहिला. मग कुणाच्या मनात आलं कोण जाणे, डबी मधे ठेवली आणि तिघांनी एकेक बोट चटणी खाल्ली. पुन्हा एकेक. मलाही खायला लावली. डबी चाटून पुसून रिकामी झाली. मी नाही म्हणू शकले नाही.


२८ फेब्रुवारी

दादांनी फडकं सोडलं. बरणीत बघत राहिले. मग शांतपणे विचारलं, "कुणी घेतली?"

मी खरं सांगितलं. बाजारात नेली म्हटलं, कशी केली ते विचारायला.

"बाजारात वाटलीस?" आवाज चढला. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा चढला. "सहा महिने पुरवली मी ती. सहा महिने!"

मीही बोलले. राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही तरी कुठे खात होता, नखाएवढी तर घेत होता, मी तुमच्यासाठीच ताजी करायला निघाले होते. हे म्हणाले, "श्यामला, गप्प बस." दादा ताटावरून उठून गेले.

पुरवली म्हणे! एका घरात एवढीशी चटणी सहा महिने पुरते याचा अर्थ कुणी खात नाही असाच ना? पण यांनी संध्याकाळी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून भांडी घासायला गेले. खूप रडले. नैरोबीच्या घराचं तिकीट कुणी आणून दिलं असतं तर आज गेले असते.


३ मार्च

चार दिवस फक्त चहा. काल ग्लुकोजचं पाणी दिलं, तेही अर्धा पेला. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल. दादा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी पाया पडून क्षमा मागितली, मिरची-मसाल्याच्या बायकांनी आईंसाठी रडत ती खाल्ली हेही सांगितलं. म्हणाले, "तुझी काही चूक न्हाई बाळ." आणि डोळे मिटून घेतले. चूक नाही तर मग जेवा ना!


५ मार्च, रविवार

बाजाराला जाणार नव्हते. सकाळी भांडी घासत होते तर मागे काठीचा आवाज. दादा टोपी-कोट घालून उभे. "चल. दाखव मला त्या बायका."

यांनी टांगा आणला. शालूबाई बघतच राहिल्या. तीस वर्षांत मास्तरांनी बाजाराची पिशवी हातात धरलेली त्यांनी पाहिली नव्हती. मला वाटलं आता भर बाजारात तमाशा होणार.

इमामबी त्यांना बघून उठून उभी राहिली. दादा काठीवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "माझ्या घरची चटणी तुम्ही खाल्ली?"

"व्हय, खाल्ली की. सव्वीस वर्सं खातोय. दर साली नवी चटणी झाली की बाई पैली चव मला आनून द्यायच्या. औंदा शेवटची खाल्ली."

"सव्वीस वर्षं? मला कधी बोलली न्हाई."

"तुमी इच्यारलासा कदी?" हे धोंडुबाई, पलीकडून.

मी जीभ चावली. पण दादा तसेच उभे. इमामबीनं धन्याचं पोतं पुढे सरकवलं. "बसा मास्तर. हितंच बसायच्या त्या. तास तास."

"तास? मला तर म्हणायची, गर्दीत जीव नकोसा होतो, भाजी घेते आणि पळत येते."

दोघी हसायलाच लागल्या. धोंडुबाई म्हणाली, "पळत! डहाळं सोलत बसायच्या आनि तुमची नक्कल करायच्या."

"माझी?"

धोंडुबाई उठली, हात मागे बांधले, नाक वर केलं आणि घशातून म्हणाली, "'काय हो, आज आमटीत मीठ आहे की मिठाला सुट्टी आहे?'"

शब्दन् शब्द दादांचा. मान वाकडी करण्याची ढबही त्यांचीच. आईंनी दादांची उचललेली, धोंडुबाईनं आईंची, आणि मधल्या आई राहिल्याच नाहीत. दादांच्या नाकातून एक आवाज आला. इमामबीला वाटलं ठसका लागला, ती पाण्याला धावली. पण ठसका नव्हता, ते हसत होते. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं. मिरचीच्या ओळीत असं होतंच.

"आणखी काय म्हणायची?" त्यांनी विचारलं.

मग काय! एकीनं सुरू केलं की दुसरी तोडायची. आई डंकावर कुटताना सगळ्या बायकांना गाणी म्हणायला लावायच्या. एकदा एका गिऱ्हाइकाशी इमामबीच्या बाजूनं अशा भांडल्या की तो माणूस पिशवी टाकून पळाला. दादा तोंड उघडं टाकून ऐकत होते. घरात मोठ्यानं न बोलणारी बाई होती म्हणे ती.

मधेच धोंडुबाईनं आपलं भाकरीचं फडकं सोडलं. चतकोर भाकरी, वर मिरचीचा ठेचा, दादांच्या हातावर ठेवली. बोलता बोलता त्यांनी ती खाल्ली. तिनं आणखी चतकोर ठेवली. ऐकता ऐकता तीही गेली. मी मोजत होते. एक आख्खी भाकरी! गार, जाड, कडा करपलेली! माझी गरम, फुगलेली अर्धी जात नाही आणि ही जाते.

उन्हात, मोकळ्या हवेत बसल्यामुळे भूक लागली असणार. डॉक्टरांना सांगायला हवं.


१२ मार्च, रविवार

दादा आठ वाजताच पिशव्या घेऊन ओट्यावर. "आटप की गं, किती वेळ!" बाजारात त्यांनी स्वतः वांगी निवडली. घरी येऊन चिरली तर सगळी किडकी. मी हसले तर म्हणाले, "ती बाई चांगली वाटली बोलायला." मास्तर माणूस, वांग्यांत नापास.

जेवताना आता बोलतात. इमामबीनं काय सांगितलं ते यांना पुन्हा सांगतात, हेही ऐकतात, आणि बोलण्याच्या नादात पाऊण भाकरी जाते. मी तोंडातून शब्द काढत नाही, दृष्ट लागायला नको.


२६ मार्च, रविवार

धोंडुबाईनं परवानगी दिली. मिरची तिनं मुठीत धरून कानाशी खळखळ वाजवून दाखवली, "ऐक, आता वाळली." इमामबीनं मसाला मुठीनं काढला, तराजूला हात न लावता. मी वही घेऊन उभी. "किती ते सांगा ना." म्हणाली, "तुझ्या सासूला कदी मोजून दिलं न्हाई, तुला का देऊ? माझी मूठ जिती हाय तवर येत जा." वहीत काय लिहू? "इमामबीची मूठ" असं लिहिलंय.

दिवसभर देठं मोडत बसलो. दादाही बसले. नको नको म्हणत असताना तोच हात डोळ्याला लावला आणि घर डोक्यावर घेतलं.


२ एप्रिल, रविवार

डंकावर चार तास. धप धप धप, कानठळ्या. कांदा-लसूण मी परतलेला, तो शमशुद्दीननं बघून "जरा कमी भाजलाय" म्हणून मान हलवली, पण घातला. इमामबीनं पहिली चव घेतली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. "चालतंय," म्हणाली. शालूबाई म्हणतात, कोल्हापुरात याच्यावर कौतुक नसतं.


३ एप्रिल

आज जेवायला नवी चटणी. दादांच्या ताटात नखाएवढीच वाढली, त्यांचं प्रमाण मला माहीत आहे.

दादांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढीच?"

म्हटलं, तुम्ही एवढीच घेता ना.

"वाढ की चांगली. तेल घाल वर. संपली तर संपली, बाजार काय उठलाय व्हय?"

डावभर वाढली. मीठ कमी आहे म्हणाले. कांदा कच्चा राहिलाय म्हणाले. तिच्यासारखी झालेली न्हाई, हे तर दोनदा म्हणाले. आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. दोन! मग बोटं चाटत म्हणाले, "आणखी एक टाक."

पीठ संपलं होतं. मी दोनच्या हिशेबानंसुद्धा कधी मळलं नव्हतं, तिसरीचं कुठून असणार? तवा तसाच चुलीवर ठेवला आणि परात घेऊन शालूबाईंकडे पळाले. त्या म्हणाल्या, "अगं बाई, रडालीस का? काय झालं?"

म्हटलं, "आधी पीठ द्या. दादा ताटावर बसलेत."